सहा मिलिमीटर प्रमाणातील रणगाड्यांचा मिश्र संच: सोलापुरातून एक परीक्षण

वॉरगेमिंगच्या, म्हणजे छोट्या प्रतिकृती मांडून लढाया खेळण्याच्या छंदाच्या, टेबलावर मोठ्या रणगाडा-लढाया उभ्या करायच्या असतील, तर सहा मिलिमीटर प्रमाणाला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. या प्रमाणात माणूस जेमतेम सहा मिलिमीटर उंच भरतो आणि रणगाडा अंगठ्याच्या पेरावर मावतो, त्यामुळे घरातल्या जेवणाच्या टेबलावर दोन्ही बाजूंच्या संपूर्ण रेजिमेंट मांडता येतात. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धातील, पंजाबमधल्या खेमकरणजवळची असल उत्तरची लढाई खेळण्यासाठी आम्हा सोलापूरकर मित्रांना असे बरेच रणगाडे एकदम हवे होते. त्यासाठी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साठ नगांचा, न रंगवलेल्या धातूच्या रणगाड्यांचा जुना मिश्र संच मागवला. संच घेण्याजोगा आहे, परंतु विक्रेत्याने दिलेल्या यादीवर विसंबून तो रंगवायला घेण्याजोगा नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. कारण या छंदात रंगाच्या आधी ओळख येते आणि या संचाची खरी कसोटी तिथेच लागते.

यादीत वीस पॅटन, पंधरा सेंच्युरियन, पंधरा शर्मन आणि ‘इतर’ दहा, असा तपशील होता. एकूण संख्या बरोबर निघाली. बांधणी मात्र निष्काळजी होती. सगळे नग एकाच प्लास्टिकच्या पिशवीत सुटे घातलेले होते, त्यामुळे सात तोफांच्या नळ्या वाकल्या होत्या आणि दोन मुळापासून तुटल्या होत्या. या आकारात नळी नाजूक असणे अटळ आहे. पॅटनची तोफ ९० मिलिमीटरची. १/२८५ प्रमाणात, म्हणजे मूळ आकाराच्या २८५व्या भागात, तिचे तोंड हिशेबाने ०.३ मिलिमीटरच्या आसपास येते. इतकी बारीक नळी धातूत ओतता येत नाही आणि ओतली तरी टिकत नाही, म्हणून सर्वच उत्पादक ती थोडी जाड ठेवतात. तरीही धातू मऊ असल्याने धक्का लागला की ती वाकते. वाकलेली नळी बोटांनी एका झटक्यात सरळ करू नये. कोमट पाण्यात धरून, चिमट्याने मुळाकडून टोकाकडे हळूहळू सरळ केली, तर बहुतेक वेळा ती वाचते. तुटलेल्या दोन नळ्यांच्या जागी बारीक पितळी तार बसवली आणि ती मूळ नळीपेक्षा अधिक भक्कम झाली.

पुढचा प्रश्न प्रमाणाचा. सहा मिलिमीटर या एका नावाखाली बाजारात दोन प्रमाणे चालतात. अमेरिकेतील जीएचक्यू हा उत्पादक १/२८५ प्रमाणात काम करतो, तर इंग्लंडमधील हिरॉइक्स अँड रॉस १/३०० प्रमाणात. फरक पाच टक्क्यांचा आहे, तरीही तो मोजता येतो. सेंच्युरियनचे धड सुमारे ७.६ मीटर लांब आहे; ते १/२८५ मध्ये २६.७ मिलिमीटर आणि १/३०० मध्ये २५.३ मिलिमीटर भरते. शर्मनचे धड ५.८४ मीटर, ते अनुक्रमे २०.५ आणि १९.५ मिलिमीटर. साधा व्हर्नियर कॅलिपर हाताशी असला की एका संध्याकाळी संपूर्ण संचाची विभागणी होते. या संचात दोन्ही प्रमाणांचे नग होते, याचा उल्लेख यादीत असायला हवा होता. एकाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे रेजिमेंटच्या एका तुकडीत, दोन्ही प्रमाणे मिसळू नयेत, ती शेजारीशेजारी खटकतात. वेगवेगळ्या स्क्वाड्रनमध्ये ठेवली तर टेबलावर हाताच्या अंतरावरून फरक जाणवत नाही. जीएचक्यूच्या नगांवर जाळ्या, झाकणे, साहित्याच्या पेट्या इतक्या ठळक कोरलेल्या असतात की रंग स्वतःहून त्या खाचांत बसतो, आणि जुन्या संचात असे नग हाती लागणे हा मोठाच लाभ आहे. १/३०० चे नग घडणीने साधे आहेत आणि ते लवकर रंगवून होतात.

आता मुख्य विषय, म्हणजे ओळख. यादीतले वीस ‘पॅटन’ भिंगाखाली घेतले, तेव्हा त्यांतले अकरा एम-४८, सहा एम-४७ आणि तीन चक्क एम-६० निघाले. असल उत्तरसाठी हा फरक क्षुल्लक नाही. पाकिस्तानच्या पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनकडे एम-४७ आणि एम-४८ हे दोन्ही पॅटन होते, त्यामुळे ते सतरा नग कामाचे आहेत. एम-६० मात्र पाकिस्तानने कधीच वापरला नाही, म्हणून ते तीन बाजूला काढावे लागले. ओळखण्याची रीत अशी आहे की सर्वांत आधी धडाचा पुढचा भाग पाहावा. एम-४८ चे नाक होडीच्या तळासारखे गोलाकार वळलेले असते, एम-४७ ची पुढची चिलखती पाटी सपाट आणि उतरती असते, आणि एम-६० चे नाक सरळ रेषांच्या पाचरीसारखे असते. त्यानंतर वरचा फिरता बुरूज पाहावा. एम-४७ चा बुरूज अरुंद, लांबट आणि मागे बराच बाहेर आलेला असतो, तर एम-४८ चा बुरूज वरून घुमटासारखा भरीव गोल दिसतो. तोफेची नळी हा तिसरा पुरावा. गोळा सुटल्यावर नळीतला धूर रणगाड्याच्या आत येऊ नये म्हणून नळीवर एक फुगवटा असतो. ९० मिलिमीटरच्या तोफेवर तो तोंडाजवळ येतो आणि एम-४८ च्या अनेक नगांवर त्याच्याही पुढे इंग्रजी टी अक्षरासारखा आडवा तुकडा असतो. एम-६० च्या १०५ मिलिमीटर तोफेवर हा फुगवटा नळीच्या मधल्या भागात असतो आणि तोंड साधे असते. नळी तुटलेली असेल तर हा पुरावा नाहीसा होतो, म्हणून धडापासून सुरुवात करण्याची सवय लावून घ्यावी.

‘सेंच्युरियन’ म्हणून आलेल्या पंधरांपैकी चार चीफटन होते. ही गल्लत समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही ब्रिटिश रणगाडे असून दोन्हींना बाजूला सहा चाके आणि चाकांचा वरचा भाग झाकणाऱ्या पोलादी पाट्या आहेत. भेद बुरुजात आहे. सेंच्युरियनच्या बुरुजाला पुढे तोफेभोवती उभी, रुंद, चौकोनी ढाल असते आणि दोन्ही अंगांना साहित्याच्या पेट्या टांगलेल्या असतात. चीफटनच्या बुरुजाला अशी ढालच नाही, त्याचा पुढचा भाग मागे झुकत जाऊन टोकदार होतो. भारताने चीफटन वापरले नाहीत. उरलेले अकरा सेंच्युरियन मात्र उत्तम आहेत. असल उत्तरला भारताच्या थर्ड कॅव्हलरी या रेजिमेंटकडे सेंच्युरियन होते, आणि त्याच सप्टेंबरात सियालकोट आघाडीवर फिलोरा व चविंडा येथे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांच्या नेतृत्वाखाली पूना हॉर्स ही रेजिमेंट याच रणगाड्यांवर लढली. तारापोर यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पूना हॉर्सचे नाव मराठी वाचकाला परके नाही, म्हणून हे अकरा नग हातात घेताना मला विशेष आपुलकी वाटते आणि ते घाईने रंगवू नयेत असेही वाटते.

शर्मन पंधराच्या पंधरा शर्मनच निघाले. दोन-दोन चाकांच्या तीन जोड्या आणि उंच, ताठ बांधा यांमुळे हा रणगाडा चुकणे कठीण आहे. ‘इतर’ या सदरात मात्र संचातली सर्वांत आनंददायक भर होती. तिथे चार टी-५५, तीन पीटी-७६, दोन एएमएक्स-१३ आणि एक जीप होती. टी-५५ ला पाच मोठी चाके असतात, पट्टा तोलणारे वरचे छोटे रोलर नसतात आणि पहिल्या व दुसऱ्या चाकांमधले अंतर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मोठे असते. टी-६२ मध्ये मोठी अंतरे मागच्या चाकांमध्ये असतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली की हे दोन सोव्हिएत रणगाडे हाताच्या अंतरावरूनही वेगळे करता येतात. पीटी-७६ हा पाण्यात तरणारा हलका रणगाडा आहे. चपटे, होडीसारखे धड, सहा चाके आणि बसका शंकूसारखा बुरूज ही त्याची लक्षणे. नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूर येथे ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानच्या एम-२४ चॅफी रणगाड्यांना तोंड दिले, त्यामुळे हे तीन नग पुढच्या खेळासाठी जपून ठेवले आहेत. एएमएक्स-१३ चा बुरूज धडाच्या मागच्या बाजूला बसवलेला असल्याने तो पाहताक्षणी ओळखू येतो. हाच रणगाडा १९६२ मध्ये विमानातून लडाखमधील चुशूलला उतरवला होता, आणि १९६५ मध्ये खेमकरण भागात एट्थ लाइट कॅव्हलरीकडेही तो होता.

ती एकुलती एक जीप जेमतेम बारा मिलिमीटर लांब आहे, पण असल उत्तरच्या टेबलावर तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफ बसवलेल्या जीपवरून उसाच्या आडोशाने पॅटन टिपत राहिले आणि १० सप्टेंबर १९६५ रोजी धारातीर्थी पडले. संचातल्या जीपवर तोफ नव्हती. तारेच्या तुकड्याची ती करून बसवली.

ओळख पटवताना चित्रांचा आधार घ्यावाच लागतो, परंतु आपल्याकडच्या छंदकऱ्यांना त्याहून मोठी सोय उपलब्ध आहे. सोलापूरहून टेंभुर्णी-करमाळ्यामार्गे अहिल्यानगर गाठले की आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय पाहता येते. सेंच्युरियन, शर्मन, पॅटन, एएमएक्स-१३, विजयंत हे सारे तिथे खऱ्या आकारात उभे आहेत. सेंच्युरियनच्या बाजूच्या पाटीखाली चाकांचा नेमका किती भाग दिसतो, पट्ट्याचे पोलाद कुठे घासून चकाकते आणि कुठे गंजते, पॅटनचे नाक प्रत्यक्षात किती फुगीर आहे, हे तिथे भोवती फिरून पाहिल्यावर भिंगाखालचा तुकडा वेगळाच दिसू लागतो. रंगाच्या बाबतीत मात्र उघड्यावरच्या प्रदर्शनीय वस्तूंवर विसंबू नये, कारण त्यांना देखभालीसाठी वेळोवेळी नवा रंग दिला जातो.

रंगकामाआधी स्वच्छता. हे नग जुने असल्याने त्यांच्या धातूत शिसे आहे असेच धरून चालावे. भांडी घासायचा द्रव साबण आणि जुना मऊ टूथब्रश यांनी नग धुवावेत, कानस कोरडी न चालवता ओली चालवावी, नंतर हात नीट धुवावेत आणि लहान मुलांना या कामापासून दूर ठेवावे. चार-पाच नगांवर पांढरट भुकटी धरली होती, जे शिसे झिजू लागल्याचे लक्षण आहे. ती घासून काढून लगेच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, दिला. धुतलेले नग आइस्क्रीमच्या काड्यांवर दुतर्फी टेपने ओळीने चिकटवले की एकेका नगाला बोट न लावता पाच-सहा रणगाडे एकदम रंगवता येतात. बुरूज वेगळा रंगवावा आणि तो चिकटवून टाकू नये; खेळताना तो फिरला पाहिजे.

रंगाचा खरा पेच असा आहे की असल उत्तरला दोन्ही सैन्ये हिरवी होती. ब्रिटिश परंपरेतला भारतीय सेंच्युरियन गडद, काळसर हिरव्या रंगाचा, अमेरिकन पॅटन तपकिरी झाक असलेल्या ऑलिव्ह रंगाचा. त्यातून शर्मन तर दोन्ही बाजूंकडे होते. हे मूळ रंग जसेच्या तसे वापरले, तर अडीच सेंटिमीटरचा रणगाडा टेबलावर काळा ठिपका होऊन बसतो आणि ओळख पटवण्यासाठी केलेले सगळे श्रम वाया जातात. वस्तू जितकी लहान, तितका तिचा रंग उजळ करावा लागतो, हा या प्रमाणाचा पहिला नियम आहे. पॅटनसाठी टामिया कंपनीचा एक्सएफ-६२ हा ऑलिव्ह रंग घेऊन त्यात जवळजवळ एक तृतीयांश फिकट पिवळसर रंग मिसळला. सेंच्युरियनसाठी निळसर झाकेचा हिरवा घेऊन तोही तितकाच उजळवला. पांढरा मिसळणे टाळावे, त्याने हिरवा रंग खडूसारखा निर्जीव होतो. उजळवल्यानंतरही एक हिरवा उबदार आणि दुसरा थंड राहतो, आणि शर्मन कोणत्या बाजूचा हे विचारावे लागत नाही.

मूळ थर वाळल्यावर गडद तपकिरी रंगाचा पातळ वॉश द्यावा. त्यात साबणाचा एक थेंब घातला, तर तो पृष्ठावर थेंबाथेंबाने न थांबता खाचांत उतरतो. त्यानंतर ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशाने उजळ रंग फक्त उंचवट्यांवर फिरवणे. बुरुजाची कड, झाकणांचे काठ, सेंच्युरियनच्या पेट्यांचे कोपरे आणि नळीवरचा फुगवटा यांवर तो अधिक द्यावा, कारण ज्या खुणांवरून रणगाडा ओळखला त्याच खुणा टेबलावर दिसल्या पाहिजेत. पट्ट्यांना गडद करडा-तपकिरी रंग पुरतो. रेजिमेंटची चिन्हे आणि आकडे लिहिण्याचा हट्ट धरू नये; योग्य जागी पांढऱ्या रंगाचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिला की डोळा बाकीचे समजून घेतो.

सोलापूरच्या हवेबद्दल इथे सांगितले पाहिजे, कारण परदेशी मार्गदर्शनात ती गृहीत धरलेली नसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी असते आणि पंख्याखाली अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशाच्या टोकावरच सुकू लागतो. अशा दिवसांत काम पहाटे करावे, पंखा बंद ठेवावा आणि ओली पॅलेट वापरावी. त्यासाठी स्टीलच्या डब्याचे पसरट झाकण घेऊन त्यात ओले सुती कापड अंथरावे आणि त्यावर बटर पेपर ठेवून रंग त्यावर काढावा. रंग तासन्‌तास ओला राहतो. ब्रश शून्य क्रमांकाचा, चांगल्या टोकाचा असावा. त्याहून बारीक ब्रशावर रंग इतका थोडा मावतो की तो नगापर्यंत पोहोचण्याआधीच वाळतो.

रणगाडे ज्यांवर बसवायचे त्या तळपट्ट्यांसाठी शहरातल्या ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या लेझर कटिंगवाल्यांकडून पातळ एमडीएफचे (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचे) तुकडे कापून घेतले. काम स्वच्छ झाले. आपल्याकडची काळी माती चाळून तळपट्टीवर चिकटवण्याचा मोह होतो, परंतु खेमकरणची जमीन पंजाबच्या गाळाची, फिकट तपकिरी आहे, म्हणून बारीक वाळूवर तसाच रंग द्यावा. भारतीय सैन्याने कालव्याचे पाणी सोडून शेते चिखलाची केली होती आणि पॅटन त्यांत रुतले. तो ओलावा दाखवण्यासाठी काही तळपट्ट्यांवर चकचकीत वार्निश दिले. उसासाठी दोन साहित्ये वापरून पाहिली. सोलापुरी टेरी टॉवेलचे तुकडे हिरवे रंगवले की सुरेख पीक दिसते, परंतु टॉवेलचे धाग्यांचे फासे चार-पाच मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत, म्हणजे प्रमाणात ते छातीएवढे पीक होते. सप्टेंबरातला ऊस माणसाच्या डोक्यावर जातो; त्यासाठी काथ्याच्या पायपुसण्याच्या पट्ट्या कापून, दहा मिलिमीटर उंच ठेवून रंगवल्या, आणि त्यांच्या आड जीप खरोखर लपते. टॉवेलचे तुकडे खालच्या पिकांसाठी ठेवले.

संचाची किंमत नव्या पाकिटांच्या दराशी ताडून पाहिली, तर प्रत्येक नग निम्म्याहून कमी भावात पडला. एम-६० आणि चीफटन हे सात निरुपयोगी नग वजा केले, तरी व्यवहार फायद्याचा ठरतो. विक्रेत्याला यादीतील चुका छायाचित्रांसह कळवल्या. उत्तर सभ्य होते, पण भरपाई मिळाली नाही. ज्यांना ठरावीक रेजिमेंटचे ठरावीक संख्येचे रणगाडे लगेच हवे आहेत, त्यांनी नव्या पाकिटांचाच मार्ग धरावा. ज्यांच्याकडे भिंग, कॅलिपर आणि निवांत संध्याकाळी आहेत, त्यांनी असा संच अवश्य घ्यावा. मात्र पैसे देण्याआधी प्रत्येक प्रकारच्या एका नगाचे समोरून, बाजूने आणि वरून काढलेले छायाचित्र मागावे, आणि प्रत्येक नग वेगळा गुंडाळून पाठवण्याची अट लेखी घालून घ्यावी.